साहेबांना उठवू का?

किस्से साचतात ते जहाज उभं असताना. चालत्या जहाजावर सगळे जागे असतात, ज्याच्या त्याच्या हाताला काम असतं, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. पण लंगर पडला, इंजिन थांबलं, स्वयंपाकघरात चहाचं आधण चढलं आणि कॅप्टन साहेब दोन दिवसांनी बूट काढून आडवे झाले, की समजायचं, आता काहीतरी होणार!

मी पंधरा वर्षं नौदलात इलेक्ट्रिशियन होतो. आता घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप येतात, तार भरून ते चालू करून द्यायचे. आमच्याकडून समुद्र बघायचा तर कोणत्याही दिशेला रेल्वेत एक रात्र काढावी लागते, म्हणून दुकानात आलेला माणूस कधी ना कधी म्हणतोच, "भाऊ, समुद्राची एखादी गोष्ट सांग ना!" त्याला वादळ हवं असतं, तोफा हव्या असतात. माझ्याकडे उभ्या जहाजाच्या गोष्टी आहेत.

महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आम्ही तिघं दुकानात जमतो. एक मी. दुसरा वानखडे, बाभुळगावचा. जहाजावर सिग्नलमन होता, आता पिठाची गिरणी चालवतो. तिसरे मडावी चीफ, मुकुटबनच्या बाजूचे. वयाने आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, आता कापूस आणि तूर पिकवतात. त्यांची लेक घाटंजीत दिली आहे. तिला भेटायला येतात आणि अर्धा दिवस माझ्याच दुकानात बसतात. एका जिल्ह्याचे आम्ही तिघं एकाच जहाजावर तीन वर्षं होतो, एवढी ओळख पुरते.

पूर्वी या गप्पांत मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. गेल्या वर्षापासून हसता हसता मध्येच फोन काढून बघतो. कारण माझी मुलगी प्रांजली नौदलात भरती झाली, आणि उभ्या जहाजाचा पहारा आता ती देते.

* * *

हे काम नेमकं काय असतं ते आधी सांगतो. यावरूनच माझं लग्न मोडायला आलं होतं!

मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला. मुलीचे मामा जाणते शेतकरी, घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी विचारलं, "पाहुणे, जहाजावर तुमी करता काय?"

"लाइटचं काम पाहातो जी. अन् जहाज उभं असलं का पहारा देतो."

"चोर येतेत का?"

"नाई जी. जहाज जागेवर आहे का, ते पाहातो."

मामांनी बशी खाली ठेवली. "उभं जहाज जागेवर आहे का, हे पाहाले सरकार मानूस ठेवते?"

माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मी मात्र जिद्दीला पेटलो. म्हटलं, मामाजी, लंगर म्हणजे खुंटा आणि साखळी म्हणजे दावं. दाव्याला बांधलेला बैल खुंट्याभोवती फिरतो, तसं जहाज वाऱ्याबरोबर लंगराभोवती फिरतं. फिरलं तर फिरू द्यायचं. पण समुद्राच्या तळाला चिखल असतो, वारा वाढला की खुंटा चिखलातून घसरत निघतो, आणि जहाज हळूच चालायला लागतं. आत झोपलेल्याला कळतसुद्धा नाही.

मामा पुढे सरकले. "मंग?"

"मांगं खडक असते जी."

"अन् पहाऱ्यावरचा झोपला तं?"

"तं दीडशे मानसं खडकावर."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत वळून ओरडले, "पोरीले आना बाहेर! पोट्टा झोपनारा नाई दिसत!"

सुनंदा, म्हणजे माझी बायको, मी दुपारी दुकानात डुलकी काढताना सापडलो की अजून मामांना फोन लावायची धमकी देते.

* * *

पहाऱ्याची रीत अगदी सोपी आहे. किनाऱ्यावरच्या तीन खुणा धरायच्या, दीपस्तंभ, चिमणी, देवळाचा कळस, अशा. दर पंधरा मिनिटांनी त्या होकायंत्रात किती अंशावर दिसतात ते वहीत लिहायचं. आकडे साधारण तेच राहिले तर जहाज जागेवर आहे. आकडे एकाच दिशेने सरकत चालले तर लंगर घसरतोय, आमच्या भाषेत जहाज 'ड्रॅग' होतंय, कॅप्टनला उठवायचं. झालं. शाळकरी पोरालाही जमेल!

अवघड असतं ते उठवणं.

वानखडे नवीन होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळचा पहारा, दिवे लागायची वेळ. नवख्याला आम्ही सांगायचो, खूण अशी धर की जी तुझ्या आजोबांच्या वेळीही तिथेच असेल. वानखडेने दीपस्तंभ धरला. कारखान्याची चिमणी धरली. तिसरी खूण म्हणून किनाऱ्यावरचा एक पांढरा दिवा धरला. छान ठळक दिवा होता.

पाऊण तास सगळं ठीक चाललं. मग तो दिवा एक अंश सरकला. मग चार. मग अकरा! वानखडेची पाचावर धारण बसली. बाकीच्या दोन खुणा बघाव्यात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने घंटा दाबली ती सोडलीच नाही. माणसं जेवणाची ताटं टाकून धावली. कॅप्टन साहेब वर आले ते लुंगीवर, डोक्यावर मात्र टोपी.

साहेबांनी होकायंत्रातून दीपस्तंभ पाहिला. चिमणी पाहिली. मग तो पांढरा दिवा पाहिला. किनाऱ्याच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने टायर बदलताना हेडलाइट चालू ठेवले होते. आता टायर बदलून झाला होता आणि ट्रक घाट चढत होता.

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "वानखडे, जहाज अपनी जगह पर है. इंडिया ड्रॅग हो रहा है!"

पुढचा महिनाभर स्वयंपाकी त्याला पोळी वाढताना विचारायचा, "देख ले भाई, रोटी जगह पर है ना?" बोटीतून किनाऱ्यावर जाताना रस्त्यावर ट्रक दिसला की सगळी बोट सलाम ठोकायची. वानखडेही हसायचा. आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात, हे त्याला ठाऊक होतं.

* * *

पण त्या हसण्याने काय केलं ते दोन महिन्यांनी कळलं.

पहाटेचा पहारा होता, पुन्हा वानखडेचाच. जागा वेगळी, किनारा वेगळा. वाऱ्याने रात्रीतून दिशा बदलली होती. या वेळी त्याने तिन्ही खुणा दगडी धरल्या होत्या, आणि तिन्ही सरकत होत्या. आधी दोन अंश, मग तीन. वानखडेने होकायंत्राची काच पुसली. पुन्हा आकडे घेतले. डोळ्यांवर पाणी मारून आला आणि पुन्हा घेतले. पंधरा मिनिटं त्या माणसाने कोणालाच उठवलं नाही.

"मले सारीकडं ट्रकच दिसून राह्यला होता ना बाप्पा," तो अजून सांगतो.

मडावी चीफना सगळ्यांच्या आधी उठायची सवय. चहाचा मग घेऊन ते वर आले, वानखडेच्या तोंडाकडे बघितलं आणि थेट जहाजाच्या टोकाला गेले. तिथे साखळी पाण्यात उतरते. चीफनी तिच्यावर तळहात ठेवला. लंगर धरून असला तर साखळी ताठ पण शांत असते. घसरत असला तर दगडाळ रानातून बैलगाडी चालल्यासारखे गचके हाताला लागतात.

चीफ परत आले. "साहेबाले उठव."

"चीफ, पुन्हा ट्रक असन तं?"

"ट्रक असन तं सारे हसतीन. खडक असन तं कोनी हसनार नाई. जाय!"

साहेब आले, इंजिन चालू झालं, जहाज थांबलं. उजाडलं तेव्हा मागे वळून पाहिलं तर खडक इतका जवळ होता, की त्याच्यावर बसलेले पक्षी मोजता आले असते. वानखडेने मोजले होते. सहा होते.

* * *

आता माझी पाळी. हा किस्सा मी प्रांजलीला कधी सांगितला नव्हता. वानखडेने सांगून टाकला, दुष्मन कुठला!

दुपारचा पहारा होता. वारा नाही, समुद्र तेलासारखा. जेवणात राजमा-भात झालेला. दोन वाजताचे आकडे घेतले, लिहिले. सव्वादोनचे घेतले, तेच आले. अडीचचे म्हटलं कशाला बघायचे, तेच येणार, लिहून टाकले. मग पेन हातात होतंच. पावणेतीनचे लिहिले, तीनचे लिहिले, असं करत करत थेट चार वाजेपर्यंतचं जहाज मी वहीत जागेवर बसवून टाकलं आणि खुर्चीत पाय लांब केले.

दोन चाळीसला चीफ आले. त्यांनी वही वाचली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. पुन्हा वही वाचली.

"वा रे वा! चार वाजता जहाज कुठी असन हे तुले आत्ताच मालूम आहे! मंग इथी कायले बसला? गावात जाऊन लोकायच्या पत्रिका पाह्य!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आता माह्यासमोर आकडे घे."

घेतले. एकही जुळेना! त्या मधल्या वेळात भरती उलटली होती आणि जहाज लंगराभोवती वळून पार दुसऱ्या बाजूला गेलं होतं. धोका काहीच नव्हता, ते नुसतं फिरलं होतं. पण एवढं दीडशे माणसांचं जहाज माझ्या नाकासमोर फिरलं आणि मला पत्ता नव्हता.

मी खोडायला लागलो तर चीफनी हात धरला. "खोडू नको. एक रेघ मार, खालचा आकडा दिसला पाह्यजे. बाजूले सही कर. कोनी वाचलं तं त्याले समजलं पाह्यजे का इथी एक मानूस बसला होता अन् तो नव्हता."

सात रेघा, सात सह्या. हे सगळं ऐकून प्रांजलीने एवढंच विचारलं, "बाबा, तुमी?" मी समोरच्या पंपाचे स्क्रू उघडायला घेतले.

* * *

एका जहाजाची गोष्ट आम्ही हसत सांगत नाही. त्याचं नाव सांगत नाही, बंदरही सांगत नाही.

ते आमच्या शेजारीच लंगर टाकून उभं होतं. सकाळची वेळ. आम्ही दात घासत कठड्याशी उभे होतो आणि ते जहाज हळूहळू आमच्यापासून लांब चाललं होतं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "निघाले वाटते हे." धूर नव्हता, भोंगा नव्हता. मग ते थांबलं आणि जरासं कललं. लोकांना वाटतं, जहाज जमिनीला लागलं म्हणजे मोठा आवाज होत असेल. काही आवाज झाला नाही. त्यांच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे तेवढे तिरपे दिसायला लागले.

त्या वेळी पहाऱ्यावर असलेला सेलर चौकशी होईपर्यंत आमच्या जहाजावर राहायला होता. उत्तर प्रदेशचा, शांत स्वभावाचा. कामात कच्चा नव्हता. त्याने आकडे वेळच्या वेळी घेतले होते, खरे लिहिले होते. दोन अंश सरकलेलं त्याला दिसलं होतं. तो कॅप्टनच्या दारापर्यंत गेलाही होता, ठोकायला हात उचलला होता. कॅप्टन दोन दिवस उभ्याने काढून अर्ध्या तासापूर्वी झोपले होते. आतून घोरण्याचा आवाज येत होता. याला दया आली. म्हटलं, दहा मिनिटं झोपू दे, पुन्हा एकदा आकडे घेऊ, मग बघू.

जेवताना समोर बसून त्याने हे आम्हाला सांगितलं आणि वानखडेला विचारलं, "आप होते तो खटखटाते?"

वानखडे म्हणजे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा माणूस. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

चौकशीत त्या पोराला दहा प्रकारे विचारलं, का नाही उठवलं? तो प्रत्येक वेळी म्हणाला, "साहब सो रहे थे."

* * *

चीफ निवृत्त झाले, पण पहारा सुटला नाही. आमच्याकडे पीक उभं असलं की रानडुकरं घुसू नयेत म्हणून शेतात मचाणावर जागल करावी लागते. लोक मचाणावर मोबाइल बघतात, झोपतात, मधूनच एक हाळी देतात. चीफ खुणा धरतात!

त्यांच्या मचाणावर बसलं की गावची पाण्याची टाकी बरोबर मोहाच्या झाडाच्या डाव्या अंगाला दिसायची. रोज बसल्यावर आधी ते पाहायचं, मग घोंगडी पसरायची. एका संध्याकाळी दिवस मावळताना ते वर चढले, बसले आणि बघतात तर टाकी झाडाच्या उजव्या अंगाला!

चीफ घोंगडी, बॅटरी, थर्मास घेऊन तसेच खाली उतरले. शेजारच्या शेतातला शेतकरी बांधावरून बघत होता. "काहून उतरले जी चीफ?"

"टाकी सरकली."

"टाकी कुठी सरकते का!"

"तेच म्हनतो मी. टाकी नाई सरकली, मी सरकलो."

तो माणूस पोट धरून हसला. म्हणाला, चीफ, उन्हानं तुमचं डोस्कं फिरलं, थांबा मी बसून पाहातो. वर चढला. ऐसपैस मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पाहा! हालते का?" मचाणाच्या एका खांबाला खालून वाळवी लागली होती. मचाण आधी नुसतं कललं होतं, आता सगळंच्या सगळं त्याला घेऊन कपाशीत आलं!

लागलं काही नाही, बोंडं तेवढी अंगाला चिकटली. चीफ त्याच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाच पन्नास. वहीत लिवतो."

* * *

प्रांजली पहिल्या जहाजावर रुजू व्हायच्या आधी चार दिवस घरी होती. तेव्हा आम्ही तिघांनी तिला दुकानात बसवून हे सगळं ऐकवलं. पोरगी ऐकत होती, हसत होती, आणि शेवटी तिने एकच विचारलं, "पन मंग उठवायचं कवा? किती अंश सरकलं का?"

वानखडे म्हणाला, "तीन."

मी म्हटलं, "दोन. पन पुन्हा एकदा पाहून."

चीफ तारेच्या रिळाशी खेळत बसले होते. ते म्हणाले, "उठवू का नाई, असं मनात आलं ना बेटा, तोच आकडा."

तिने मान हलवली. मी मात्र त्या रात्रीपासून विचार करतोय. वानखडेसारख्या बेरक्या माणसाचे पाय अडले. तो उत्तर प्रदेशचा पोरगा दारापर्यंत जाऊन परत फिरला. मी तर वहीच खोटी लिहिली. माझी पोरगी भिडस्त. लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी पतंग पडला तर मागायला जायची नाही, दारात उभी राहून परत यायची. ती एखाद्या साहेबाचं दार ठोकेल?

* * *

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. टीव्हीवर वादळाचा नकाशा गरगर फिरत होता. प्रांजलीचं जहाज त्या बाजूला होतं एवढंच मला माहीत होतं. कुठे, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. तिचा फोन बंद झाला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस.

सुनंदा देवघरासमोरून उठेना. मी एकच पंप दोनदा चुकीचा भरला. गिऱ्हाईक ओरडून गेलं, काय म्हणालं ते मी ऐकलंही नाही. चौथ्या दिवशी बाजार नव्हता, तरी वानखडे गिरणी बंद करून बाभुळगावहून आला. तासाभराने एसटीतून चीफ उतरले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. तिघं बसलो. आयुष्यात पहिल्यांदा आमच्यापैकी कोणी किस्सा सांगत नव्हतं.

दुपारी फोन वाजला. वानखडेने माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"बाबा, पाचच मिनिटं आहेत."

"जहाज?"

"आहे."

"तू?"

"मीबी आहे बाबा!"

मग ती भराभरा सांगायला लागली. वादळाचा मुख्य जोर गेल्यावर त्यांनी आडोसा बघून लंगर टाकला होता. वारा अजून होताच. कॅप्टन दोन दिवस झोपले नव्हते, ते साडेतीनला पडले. चारला प्रांजली पहाऱ्यावर आली. सोबत एक ऑफिसर, तोही नवाच. फळ्यावर कॅप्टनच्या हातचं लिहिलेलं होतं, कोणालाही शंका आली तर मला उठवा.

साडेचारला आकडे दीड अंश सरकले. ऑफिसर म्हणाला थांबू. हिला राहवलं नाही. हिने जाऊन दार ठोकलं. कॅप्टन वर आले, दहा मिनिटं बघत राहिले. जहाज वाऱ्याने नुसतं फिरलं होतं. ते परत जाऊन आडवे झाले.

साडेपाचला पुन्हा तेच. पुन्हा हिने दार ठोकलं, पुन्हा ते आले, पुन्हा काही नाही. ऑफिसर चिडला. "अब बस हो गया. साहब को सोने दो."

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग सहा चाळीसले दोन अंश सरकलं. मी त्यायले दाखवलं. ते म्हनले, हवा ने घुमाया होगा. जाना है तो तू जा, मैं नहीं जाऊँगा. मी गेली. दारापाशी उभी राह्यली. बाबा, हातच उठत नव्हता."

मी फोनजवळ सरकलो. चीफनी डोळे मिटून घेतले होते.

"किती येळ उभी होती, मले नाई माहीत. मंग ठोकलं. दोन्ही हातांनी ठोकलं बाबा, सारे उठले!"

या वेळी लंगर खरंच घसरत होता. मागे वाळूचा पट्टा होता, पाणी कमी कमी होत चाललं होतं. कॅप्टन अनवाणीच वर धावले. इंजिन सुरू केलं, लंगर उचलला, जहाज पुढे नेऊन दुसऱ्या जागी उभं केलं. हे होईपर्यंत आठ वाजले.

वानखडेने माझ्या पाठीवर थाप मारली. मला रडू येत होतं, मी ते लपवलंही नाही. पण प्रांजली फोनवर अजून बोलत होती, गोष्ट संपली नव्हती.

नाश्त्यानंतर सगळ्यांना डेकवर रांगेत उभं केलं. कॅप्टन आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. प्रांजली शेवटच्या रांगेत होती. एका पहाऱ्यात तीनदा उठवलं होतं, त्यातलं दोनदा फुकट!

"आज सुबह मुझे तीन बार जगाया गया," कॅप्टन म्हणाले. "कौन थी?"

सगळ्या माना वळल्या. तो नवा ऑफिसर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. प्रांजली पुढे आली.

कॅप्टननी तिच्याकडे बघितलं. मग पहाऱ्याच्या पाळ्या लावणाऱ्या ऑफिसरकडे वळले आणि म्हणाले, "कल सुबह भी इसी को रखो. मुझे सोना है."